‘विमा म्हणजे व्यापार नव्हे’: एका वाक्याची पंचाहत्तर वर्षं

मंडळी, नमस्कार. आत येताना एकाने मला दारातच गाठलं. म्हणाला, "सर, विमा, कोर्ट आणि अमेरिका, तिन्ही एकाच संध्याकाळी?" त्याला म्हटलं, तिन्ही असले तरी गोष्ट एका वाक्याची आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८६९ साली लिहिलेलं वाक्य: विम्याची पॉलिसी देणं हा व्यापाराचा व्यवहार नव्हे. विमा कंपन्या हे वाक्य ऐकून कोर्टातून हरून बाहेर पडल्या. पुढे त्याच कंपन्यांनी ते वाक्य पंचाहत्तर वर्षं चिलखतासारखं अंगावर वागवलं. आणि १९४४ मध्ये कोर्टाने ते काढून घेतलं, तेव्हा त्यांनी आकाशपाताळ एक केलं. हे असं का झालं, एवढंच मला आज सांगायचं आहे.

एक खुलासा आधीच करतो. तिथल्या संसदेचं नाव काँग्रेस. तो शब्द आपल्या कानांना भलताच ऐकू येतो, म्हणून मी सरळ संसद म्हणेन. आणि ‘राज्य’ म्हणेन तेव्हा न्यूयॉर्क, व्हर्जिनिया अशी घटकराज्यं समजायची.

तर, मे १८६६. व्हर्जिनियातलं पीटर्सबर्ग. वर्षापूर्वीपर्यंत या गावाला नऊ महिन्यांहून जास्त काळ वेढा पडला होता. यादवी युद्ध संपलंय, लोक पडझड सावरतायत, घरं-दुकानं पुन्हा उभी राहतायत. आणि जिथे नवं बांधकाम, तिथे आगीचा विमा विकणारा माणूस आलाच. त्याचं नाव सॅम्युअल पॉल. न्यूयॉर्कच्या काही कंपन्यांनी त्याला एजंट नेमला होता.

त्याच वर्षी फेब्रुवारीत व्हर्जिनियाने कायदा केला होता. बाहेरच्या राज्यातली कंपनी आमच्याकडे विमा विकणार असेल, तर परवाना घ्या. आणि परवाना हवा असेल, तर कंपनीच्या भांडवलाच्या मानाने ३० ते ५० हजार डॉलरचे रोखे राज्याच्या खजिन्यात अनामत ठेवा. पॉलने अर्ज केला. बाकी सगळं करायला तो तयार होता, अनामत मात्र ठेवणार नाही म्हणाला. परवाना नाकारला गेला. तरी त्याने एका स्थानिक माणसाला पॉलिसी विकली. खटला झाला, दंड झाला: ५० डॉलर.

आता पन्नास डॉलरच्या दंडासाठी कोणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जातं का? पॉल स्वतःच्या खिशातून गेला नव्हता. १८६६ च्या जुलैत मेन राज्यातलं पोर्टलंड शहर जळालं आणि त्याच महिन्यात आग-विमा कंपन्यांनी आपलं राष्ट्रीय मंडळ उभं केलं. या मंडळाला प्रत्येक राज्याचा वेगळा परवाना, वेगळी अनामत, वेगळा कर ही कटकट नको होती. चाचणीसाठी एक खटला हवा होता. पॉल हे निमित्त. त्याच्या बाजूने कोण उभं होतं ते पाहा: बेंजामिन कर्टिस, सर्वोच्च न्यायालयाचेच माजी न्यायाधीश. ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात भिन्नमत देऊन १८५७ मध्ये ज्यांनी खुर्ची सोडली, तेच. शिवाय आदल्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावरच्या महाभियोगात त्यांचा बचाव करून आलेले. पन्नास डॉलरच्या दंडाला एवढा मोठा वकील!

कर्टिस यांचं म्हणणं साधं होतं. राज्यघटनेने आंतरराज्य व्यापाराचं नियमन संसदेकडे दिलंय. न्यूयॉर्कची कंपनी व्हर्जिनियातल्या माणसाला विमा विकते, हा आंतरराज्य व्यापारच. म्हणून व्हर्जिनियाने यात पडू नये. लक्षात घ्या, या टप्प्यावर ‘विमा हा व्यापार आहे’ असं कंपन्या म्हणत होत्या. त्यांना वॉशिंग्टनचा अंमल हवाहवासा वाटत होता, कारण वॉशिंग्टनमध्ये विम्याबद्दल एका ओळीचाही कायदा नव्हता. दूरचा आणि झोपलेला पहारेकरी कोणाला आवडणार नाही?

१ नोव्हेंबर १८६९ ला निकाल लागला. लिहिला न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांनी. त्यांनी पॉलिसीचा कागद हातात धरून त्याचा प्रवासच तपासला, आणि या निकालातला मला सर्वांत आवडणारा भाग तोच आहे. कागद न्यूयॉर्कमध्ये लिहिला गेला, बरोबर. पण करार पुरा कधी होतो? एजंट तो पीटर्सबर्गमध्ये गिऱ्हाइकाच्या हाती देतो तेव्हा. तोवर ती पॉलिसी नाहीच. मग करार कुठे झाला? व्हर्जिनियात. म्हणजे व्यवहार स्थानिक, कायदाही स्थानिक. शिवाय पॉलिसी म्हणजे काही कापसाची गाठ नव्हे, की एका राज्यातून गाडीत भरली आणि दुसऱ्या राज्याच्या बाजारात विकायला मांडली. दोन माणसांमधलं ते वचन आहे. त्या दोघांवेगळी त्याला किंमत नाही. म्हणून, विम्याची पॉलिसी देणं हा व्यापाराचा व्यवहार नव्हे. खटल्यात आणखी एक मुद्दा होता, कंपनी म्हणजे नागरिक का, हा. त्यालाही कोर्टाने नाही म्हटलं. तो आज बाजूला ठेवू.

फील्ड यांच्याविषयी एक गंमत सांगतो, विषयांतर आहे पण राहवत नाही. त्यांचा भाऊ सायरस फील्ड. अटलांटिक महासागराच्या तळाशी तारेची केबल टाकून युरोप आणि अमेरिका जोडणारा उद्योजक तोच. ती केबल कायमची चालू झाली १८६६ मध्ये, म्हणजे पॉलने पॉलिसी विकली त्याच वर्षी. एक भाऊ दोन खंडांमध्ये शब्द धाडत होता आणि दुसरा म्हणत होता, न्यूयॉर्कहून व्हर्जिनियात आलेला कागद जिथे हातात पडला तिथलाच. पुढे १८७७ मध्ये तारायंत्राचा संदेश हा व्यापार आहे असं कोर्टाने ठरवलं, तेव्हाही स्टीफन फील्ड भिन्नमतातच होते. माणूस आपल्या मताशी प्रामाणिक, हे मान्य करायला हवं.

फील्ड यांचं चुकलं का? कायद्याच्या वर्गात हा प्रश्न आला की मुलं पटकन हो म्हणतात. मी त्यांना १८३५ सालच्या डिसेंबरातली न्यूयॉर्कची आग सांगतो. त्या एका आगीत शहरातल्या २६ आग-विमा कंपन्यांपैकी २३ बुडाल्या. का? कारण त्यांनी विमा न्यूयॉर्कमध्येच विकला होता. सगळी जोखीम एकाच गावात. गाव जळालं तसं कंपनीचं गिऱ्हाईकही जळालं आणि गल्लाही जळाला. यातून धंदा एक गोष्ट शिकला: आग एका गावाची असते, ती भरून काढणारा पैसा मात्र दुसऱ्या गावांतून यावा लागतो. म्हणजे विम्याचा प्राणच राज्याच्या सीमा ओलांडण्यात आहे. अर्थशास्त्राच्या हिशेबाने पाहिलं तर फील्ड यांचा ‘स्थानिक व्यवहार’ टिकत नाही.

पण थांबा. समजा त्यांनी कर्टिस यांचं ऐकलं असतं. विमा हा आंतरराज्य व्यापार ठरला असता, त्या काळच्या विचाराप्रमाणे राज्यांना त्यावर बंधन घालायला फारशी जागा उरली नसती, आणि संसदेचा कायदा तर नव्हताच. मग पीटर्सबर्गच्या विधवेचं घर जळालं आणि न्यूयॉर्कच्या कंपनीने हात वर केले, तर तिने जायचं कुठे? व्हर्जिनियाच्या खजिन्यातले ते रोखे हेच तिचं एकमेव तारण. दोनच वर्षांत, १८७१ मध्ये, शिकागो जळालं आणि कितीतरी कंपन्या दिवाळखोरीत गेल्या. अनामत मागणारी राज्यं तेव्हा मूर्ख दिसली नाहीत. माझ्या मते फील्ड यांनी चुकीच्या कारणाने बऱ्यापैकी बरोबर निकाल दिला. मात्र निकाल त्या खटल्यापुरता राहतो आणि कारण पुढच्या खटल्यांत चालत जातं, ही खरी अडचण.

आणि हे कारण फार लांबवर चालत गेलं. कंपन्यांनी पुन्हापुन्हा धडका मारल्या. १९०५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये आयुर्विमा कंपन्यांच्या कारभाराची जाहीर चौकशी गाजली, राज्यं आणखी कडक होऊ लागली. त्याच सुमारास केंद्रीय देखरेखीचं विधेयक सिनेटमध्ये कोणी आणलं? न्यू जर्सीचे सिनेटर जॉन ड्रायडन यांनी. आणि हे ड्रायडन ‘प्रुडेन्शियल’ या आयुर्विमा कंपनीचे अध्यक्ष. ज्याचं नियमन व्हायचं तोच नियमनाचं विधेयक घेऊन उभा! संसदेच्या समितीने १९०६ मध्ये पॉलच्या निकालाकडे बोट दाखवलं: विमा व्यापार नाही, आम्हाला अधिकार नाही. १९१३ मध्ये ‘न्यूयॉर्क लाइफ’ कंपनी मोंटाना राज्याच्या कराविरुद्ध कोर्टात गेली. आमचा धंदा देशभर पसरलाय, टपालातून कागदांचा पूर वाहतोय, हा व्यापार नाही तर काय, असं तिचं म्हणणं. कोर्ट बधलं नाही. तोवर कोर्टाने लॉटरीच्या तिकिटांची ने-आण हा आंतरराज्य व्यापार ठरवला होता. म्हणजे नशिबाचा जुगार खेळायचा कागद व्यापारात आणि नशिबापासून वाचवणारा कागद व्यापाराबाहेर!

मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली, तिचं महत्त्व त्या वेळी कोणाला जाणवलं नाही. १८९० मध्ये संसदेने शर्मन कायदा केला: आंतरराज्य व्यापारात संगनमत करून स्पर्धा मारणं हा गुन्हा. तेल, साखर, तंबाखू अशा धंद्यांतल्या बड्यांची झोप उडाली. विमा कंपन्यांची नाही. शर्मन कायदा व्यापाराला लागू आणि विमा तर व्यापारच नव्हे! ज्या वाक्याने आपण हरलो ते किती मोलाचं आहे, हे त्यांना हळूहळू उमगलं. मग दर ठरवायच्या संघटना बिनधास्त उभ्या राहिल्या. राज्यांच्या विमा आयुक्तांच्या कचेऱ्या लहान, पगार बेताचे, तज्ज्ञ कमी. जवळचा पहारेकरी आता दूरच्यापेक्षा सोयीचा वाटू लागला.

किती सोयीचा, ते मिसुरीत दिसलं. तिथे आगीच्या विम्याच्या दरवाढीवरून कंपन्या आणि राज्य कोर्टात भांडत होते आणि वादातला वाढीव हप्ता कोर्टाच्या ताब्यात साठत होता. लाखो डॉलर, सगळे पॉलिसीधारकांचे. १९३५ मध्ये अचानक तडजोड झाली: पॉलिसीधारकांना पाचवा हिस्सा, बाकीचा पैसा कंपन्या आणि त्यांचा खर्च यांच्याकडे. मागची गोष्ट नंतर बाहेर आली. कॅन्सस सिटीचा राजकीय दादा टॉम पेंडरगास्ट याला कंपन्यांच्या बाजूने साडेसात लाख डॉलर कबूल झाले होते आणि राज्याचा विमा अधीक्षक त्याचाच माणूस होता. पेंडरगास्ट १९३९ मध्ये तुरुंगात गेला. लाचेसाठी नव्हे, लाचेवरचा आयकर चुकवला म्हणून. ज्यांचं राजकारण पेंडरगास्टच्या आधाराने उभं राहिलं ते हॅरी ट्रूमन पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, पण तो वेगळा विषय. मिसुरीच्या ॲटर्नी जनरलने मग वॉशिंग्टनचं दार ठोठावलं.

केंद्र सरकारने खटला भरला तो मात्र दक्षिणेत, जॉर्जियातल्या अटलांटा शहरात. आरोपी: साउथ-ईस्टर्न अंडररायटर्स असोसिएशन, तिच्या सदस्य असलेल्या जवळजवळ २०० कंपन्या आणि २७ व्यक्ती. व्याप्ती सहा राज्यांची: अलाबामा, फ्लोरिडा, जॉर्जिया, उत्तर आणि दक्षिण कॅरोलायना, आणि आपलं जुनं व्हर्जिनिया. भागभांडवली कंपन्यांचा तिथला नव्वद टक्के धंदा या संघटनेच्या मुठीत होता.

आरोपपत्रातला तपशील वाचताना मला एकच शब्द आठवत राहतो: वाळीत टाकणं. दर तर संघटना ठरवायचीच. पण जी कंपनी संघटनेत नाही, तिला पुनर्विमा मिळू द्यायचा नाही. पुनर्विमा म्हणजे विमा कंपनीने आपल्या जोखमीचा काही भाग दुसऱ्या कंपनीवर टाकणं. तो मिळाला नाही तर लहान कंपनी मोठी जोखीम अंगावर घेऊच शकत नाही. जो एजंट बाहेरच्या कंपनीचीही पॉलिसी विकेल, त्याच्याकडून सगळ्या सदस्य कंपन्यांचं काम काढून घ्यायचं. आणि कळस म्हणजे गिऱ्हाईक. समजा एखाद्या व्यापाऱ्याने बाहेरच्या कंपनीकडून स्वस्तात विमा घेतला. त्यालाच धमकी: तुझ्याशी कोणी व्यवहार करणार नाही. राज्याराज्यांत दरांची आणि पाहणीची मंडळं होती, शहरांत एजंटांची मंडळं होती. कोण रेघेबाहेर पाय टाकतो यावर त्यांची नजर असायची. गावकीने पाणी तोडावं, तसं.

आकडे सांगितले पाहिजेत. १९३१ ते १९४१ या काळात त्या सहा राज्यांतून सदस्य कंपन्यांनी हप्त्यांपोटी ४८.८ कोटी डॉलर गोळा केले. त्याच काळात तिथे नुकसानभरपाई दिली सुमारे २१.५ कोटी. शंभर घेतले, चव्वेचाळीस दिले. बाकीचा सगळा नफाच होता असं मी म्हणत नाही. एजंटांचं कमिशन, खर्च, राखीव निधी हेही त्यात आलं. तरी कोणालाही भुवई उंचावावीशी वाटेल असा हिशेब आहे.

कंपन्यांची बाजूही ऐकू या, कारण ती पोकळ नव्हती. त्या म्हणत, विम्यात मालाची किंमत विकताना कळतच नाही, आग लागल्यावर कळते. एकेकट्या कंपनीकडे पुरेशी माहिती नसते. सगळ्यांच्या नुकसानीची आकडेवारी एकत्र केली तरच दर शास्त्रशुद्ध होतो. आणि दरयुद्ध पेटलं की स्वस्त विकणारी कंपनी मोठ्या आगीत बुडते आणि पॉलिसीधारकाला घेऊन बुडते. यातला आकडेवारीचा मुद्दा आजही खरा आहे. पण आकडेवारी एकत्र करायला बाहेरच्याचा पुनर्विमा कशाला तोडावा लागतो, याचं उत्तर मला त्यांच्या कैफियतीत सापडलेलं नाही.

कोर्टात मात्र त्यांनी याहून सोपी वाट धरली. त्यांनी पॉलचा निकाल पुढे ठेवला: विमा म्हणजे व्यापार नव्हे, म्हणून शर्मन कायदा आम्हाला लागूच नाही. खालच्या कोर्टाने १९४३ मध्ये तेवढ्यावर आरोपपत्र फेटाळलं. कर्टिस यांचे वारस फील्ड यांचं वाक्य घोकत होते!

५ जून १९४४ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. दुसऱ्याच दिवशी दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या. दोन न्यायाधीश या खटल्यात बसले नव्हते. उरलेल्या सातांत चार विरुद्ध तीन. म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा पायंडा नऊपैकी चौघांनी मोडला. बहुमताचं निकालपत्र ह्यूगो ब्लॅक यांचं. हे मूळचे अलाबामाचे, म्हणजे त्या सहांपैकीच एका राज्याचे. वकिलीच्या दिवसांत कामगारांचे भरपाईचे दावे लढवलेले. विमा कंपनीच्या टेबलाची दुसरी बाजू त्यांना परकी नव्हती.

फील्ड यांनी कागदाचा शेवटचा टप्पा पाहिला होता, ब्लॅक यांनी पैशाचा सबंध फेरा पाहिला. देशभरातून हप्ते काही मोजक्या शहरांतल्या मुख्य कचेऱ्यांकडे वाहतात, तिथून गुंतवले जातात, दावा मंजूर झाला की धनादेश परत वाहतात. सोबत पत्रं, अर्ज, अहवाल, तारा. हा राज्याराज्यांमधला एक अखंड प्रवाह आहे, असं त्यांनी लिहिलं. त्यातला एक थेंब गिऱ्हाइकाच्या ओंजळीत पडला म्हणून नदी स्थानिक होत नाही; ही उपमा माझी, त्यांच्या माथी मारू नका. त्यांनी दिलेली मोजमापं अशी: विमा कंपन्यांची मालमत्ता ३७०० कोटी डॉलरच्या वर, जवळपास देशातल्या सगळ्या शेतजमिनी आणि त्यांवरच्या इमारतींच्या किमतीएवढी. वर्षाचे हप्ते ६०० कोटींच्या वर, मागच्या दशकातल्या केंद्र सरकारच्या सरासरी वार्षिक उत्पन्नापेक्षा जास्त. या धंद्यात ५ लाख २४ हजार माणसं, कोळशाच्या खाणींत किंवा मोटारींच्या कारखान्यांत असतात जवळजवळ तितकी. एवढा मोठा धंदा आणि तो व्यापार नाही?

पण मग पॉलच्या निकालाचं काय? ब्लॅक यांनी त्यातून वाट काढली ती वकिलांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ते म्हणाले, पॉल आणि त्यानंतरचे सगळे खटले एकाच प्रश्नावरचे होते: राज्याचा अमुक कायदा चालेल की नाही. संसदेला अधिकार आहे का, हा प्रश्न कोर्टासमोर तोवर कधी आलाच नव्हता, कारण संसदेचा कायदा वापरून कोणी विमा कंपनीला कोर्टात खेचलंच नव्हतं. राज्यांचा हात मोकळा ठेवण्यासाठी लिहिलेलं वाक्य संसदेचा हात बांधायला वापरता येणार नाही.

भिन्नमत देणारे तिघंही तोलामोलाचे: सरन्यायाधीश स्टोन, फ्रँकफर्टर आणि जॅक्सन. स्टोन यांचा मुद्दा सरळ होता: १८९० मध्ये शर्मन कायदा करणाऱ्यांना पॉलचा निकाल ठाऊक होता, म्हणजे विमा त्यांच्या डोक्यात नव्हता. रॉबर्ट जॅक्सन यांचं मत मला जास्त विचार करायला लावतं. पुढच्या वर्षी न्यूरेंबर्गला नाझींवर खटला चालवणारे तेच हे जॅक्सन. वस्तुस्थिती पाहिली तर विमा हा व्यापार आहेच, हे ते मान्य करतात. पण पाऊण शतक देशाने उलट धरून घर बांधलंय. प्रत्येक राज्यात विमा खातं आहे, करांची घडी आहे, परवाने आहेत. आपण पायाचा दगड काढतोय आणि नवा बसवायचं काम आपलं नाही, संसदेचं आहे. मग काढायचंही तिलाच ठरवू द्या. हाडाच्या व्यवहारी माणसाचं मत. खरं सांगायचं तर मी तिथे असतो तर ब्लॅक यांच्या बाजूने मत दिलं असतं, पण रात्री झोप जॅक्सन यांनी उडवली असती.

कारण धांदल खरोखरच उडाली. हप्त्यांवरचा कर हे राज्यांचं चांगलं उत्पन्न होतं आणि बाहेरच्या कंपन्यांवर तो बऱ्याचदा जास्त असे. आता विमा आंतरराज्य व्यापार ठरला, मग तो भेदभाव चालेल का? राज्यांच्या विमा आयुक्तांची झोप गेली. कंपन्यांनी संसदेकडे धाव घेतली: आम्हाला शर्मन कायद्यातून सरसकट वगळा. प्रतिनिधीगृहाने तसं विधेयक मंजूरही केलं. सिनेटमध्ये ते अडलं.

अखेर तोडगा निघाला तो मॅकॅरन–फर्ग्युसन कायद्याचा. नेवाडाचे पॅट मॅकॅरन आणि मिशिगनचे होमर फर्ग्युसन हे त्याचे कर्ते सिनेटर. रूझवेल्ट यांनी त्यावर सही केली ९ मार्च १९४५ ला. आटोपशीर कायदा आहे, पण अजब. पहिल्याच कलमात संसद म्हणते: राज्यांनी विम्याचं नियमन करणं आणि त्यावर कर लावणं चालूच ठेवावं, हे लोकहिताचं आहे, आणि आमच्या मौनाचा अर्थ राज्यांना अडसर असा लावू नये. मौन! पॉलच्या खटल्यात कर्टिस यांनी ज्या मौनाचा आडोसा मागितला होता, त्या मौनाचा अर्थच संसदेने आता कायद्यात लिहून टाकला. एरवी केंद्राचा कायदा आला की राज्याचा मागे सरतो. इथे उलट: केंद्राचा कायदा खास विम्यासाठीच केलेला नसेल, तर विमा-नियमनाच्या बाबतीत राज्याचाच कायदा वरचढ. मक्तेदारीविरोधी कायदेही लागू, पण राज्य स्वतः नियमन करत नसेल तेवढ्यापुरतेच. राज्यांना १९४८ पर्यंत सवड दिली. राज्यांनी भराभरा दरांचे कायदे केले, आणि दर ठरवायची मंडळं राज्याच्या छत्रीखाली पुन्हा कामाला लागली. संगनमतच, पण आता सरकारी शिक्क्याचं, असं म्हणणारे तेव्हाही होते.

एक गोष्ट मात्र संसदेने सोडली नाही: वाळीत टाकणं, जबरदस्ती आणि धाकदपटशा यांना शर्मन कायदा कायम लागू.

त्यावरून पुढे १९९३ मध्ये मोठा वाद झाला. अनेक राज्यांनी काही विमा कंपन्यांना आणि लंडनच्या पुनर्विमा कंपन्यांना कोर्टात खेचलं होतं: व्यावसायिक विम्याचा नमुना आपल्याला हवा तसा बदलून घेण्यासाठी यांनी संगनमताने कोंडी केली. प्रश्न आला, बॉयकॉट म्हणायचं कशाला? न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी उत्तरासाठी थेट १८८० च्या आयर्लंडमधला कॅप्टन बॉयकॉट उभा केला. हा जमीनदाराचा कारभारी. कुळांनी खंड कमी करायला सांगितला, याने नकार दिला. मग त्याच्याकडे मजूर जाईनात, दुकानदार त्याला माल देईनात. स्कॅलिया म्हणतात, नुसतं ‘या अटीवर विकणार नाही’ म्हणणं म्हणजे बॉयकॉट नव्हे. वादाशी संबंध नसलेले दुसरे व्यवहारही तोडले, तर तो बॉयकॉट. इंग्रजीत हा फरक समजावायला त्यांना बरीच पानं लागली. आपल्याला ‘सौदा फिसकटला’ आणि ‘वाळीत टाकलं’ यांतला फरक वेगळा शिकवावा लागत नाही.

आता मागे येतो, कारण कंपन्यांची तिसरी कोलांटी राहिली. १९४६. दक्षिण कॅरोलायना बाहेरच्या कंपन्यांच्या हप्त्यांवर तीन टक्के कर घेत असे, स्थानिक कंपन्यांना तो नव्हता. ‘प्रुडेन्शियल’ कोर्टात गेली. म्हणणं काय? विमा हा आंतरराज्य व्यापार आहे, १९४४ ला तुम्हीच सांगितलंत, म्हणून हा भेदभावाचा कर बेकायदा. दोन वर्षांपूर्वी याच धंद्याचे वकील त्याच कोर्टात उलटं सांगत होते. न्यायमूर्ती रटलेज यांनी उत्तर दिलं: व्यापार आहे, मान्य; पण संसदेने राज्यांना कराची मुभा दिली आहे. कर कायम.

म्हणजे १८६९ ला व्यापार आहे म्हणून हरले, १९४४ ला व्यापार नाही म्हणून हरले, १९४६ ला पुन्हा आहे म्हणून हरले. यावर हसू येतं, पण वकिलांना दोष देऊ नका. पक्षकाराला कोणता लगाम सैल वाटतो ते पाहून ते व्याख्या निवडत होते. आणि राज्यांचं तरी काय वेगळं होतं? त्यांनाही विमा व्यापार आहे की नाही याच्याशी देणंघेणं नव्हतं. कराचा पैसा आणि परवान्याचा शिक्का आपल्याकडे राहतो की नाही, एवढंच त्यांनी पाहिलं.

यातून आज जी व्यवस्था आहे ती अशी: देश एक, धंदा एक, पण देशभर विमा विकायचा तर प्रत्येक राज्याच्या विमा खात्याचा उंबरा झिजवायचा. काही राज्यांत दर नुसता कळवला की चालतो. कॅलिफोर्नियात १९८८ मध्ये मतदारांनी थेट कौल देऊन ठरवलं की घर, मोटार वगैरेंच्या विम्याचा दर आधी मंजूर करून घ्यायचा, आणि विमा आयुक्त निवडणुकीतून यायचा. २००८ च्या आर्थिक पडझडीनंतर २०१० मध्ये केंद्राने अर्थखात्यात विम्याचं एक कार्यालय काढलं, पण त्याच्या हाती मुख्यतः माहिती गोळा करणं. परवाना देण्या-काढण्याचा अधिकार नाही. आणि जानेवारी २०२१ मध्ये ट्रम्प यांच्या सहीने आरोग्य विम्याला १९४५ च्या कायद्यातली मक्तेदारीविरोधी सूट बंद झाली. पंचाहत्तर वर्षांनी त्या भिंतीची एक वीट निघाली.

आगीच्या विम्याची सूट मात्र तशीच आहे. पीटर्सबर्गमध्ये आज कोणाला तो विकायचा असेल, तर परवाना रिचमंडहूनच घ्यावा लागतो, व्हर्जिनियाच्या विमा खात्याकडून.